पहिला खिळा

बारकी आली ती आपल्या गाडीतूनच, मागे ऐरण आणि गॅसची भट्टी खडखडवत, आणि गाडी तिने अंगणात अशी आडवी लावली की थोरल्याला आपली गाडी काढायची झाली तर आधी बहिणीला विचारावं लागेल. थोरल्याने ते पाहिलं आणि काही बोलला नाही. काही न बोलण्यात त्याचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

"बारीक झालास दादा," ती म्हणाली.

"तू नाही झालीस," तो म्हणाला.

एवढी प्रेमाची देवाणघेवाण झाल्यावर दोघं शेडकडे वळले.

निरोप आबांनी स्वतः धाडला होता. रविवारी सगळ्यांनी या, माझ्यानंतर पहिला खिळा कुणाचा ते ठरवून टाकू. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटलं नसतं. पण या घरात घोड्याला नाल ठोकताना प्रत्येक पायाचा पहिला खिळा घरातल्या कर्त्या नालबंदाने मारायचा, ही आबांच्या वडिलांपासूनची रीत होती. खूर कुणीही तासावा, नाल कुणीही तापवावी, पुढचे खिळे ज्याचे हात मोकळे असतील त्याने मारावेत. पहिला मात्र कर्त्याचा. नाल कुठे बसणार ते त्या एका खिळ्याने ठरतं, आणि तो चुकला तर चूक कुणाची हे विचारावं लागत नाही.

आबांची कंबर अलीकडे त्यांना फार वेळ वाकू देत नव्हती. भट्टीपासून कानशीपर्यंत सगळं काम थोरलाच करायचा. आबा खुर्चीत बसून राहायचे. वेळ आली की उठायचे, घोड्याचा पाय मांड्यांत धरायचे, एक खिळा मारायचे आणि परत येऊन बसायचे. त्या खिळ्यामुळे त्यांना अजून घरात विचारलं जायचं. तो गेला की उरणार होती ती नुसती खुर्ची, आणि हे आबांइतकंच बाकीच्यांनाही ठाऊक होतं.

शेडमध्ये गाडीवाल्याचा तांबडा घोडा सकाळपासून बांधलेला होता. थोरल्याने त्याच्या जुन्या नाला काढून चारही खूर तासले होते आणि नव्या नाला घडवून फळीवर मांडून ठेवल्या होत्या. आबा ज्याचं नाव घेतील त्याने याच घोड्याचा पहिला खिळा मारायचा, असं ठरलं होतं. बारकीने त्याचा पुढचा डावा पाय उचलला, अंगठ्याने तळ दाबून पाहिला, मग जरा लांब होऊन एक डोळा मिटून पाहिला.

"टाच उंच ठेवलीस."

"ओझं ओढतो तो. फिरायला जात नाही."

"म्हणजे माझ्याकडचे घोडे फिरायला जातात?"

"तुझ्या गाडीवर उडी मारणाऱ्या घोड्याचं चित्र आहे. त्यावरून म्हटलं."

स्वयंपाकघराचं मागचं दार शेडमध्येच उघडायचं. त्या दारात स्टूल टाकून आत्या बसली होती, हातात चहाचा कप. आबांची ही थोरली बहीण आदल्या दिवशीच येऊन ठेपली होती. "भांडायचं असेल तर जरा इकडे सरकून भांडा," ती म्हणाली. "इतक्या लांबून मजा येत नाही."

आत्याचं मत ठरलेलं होतं. आत्याचं मत नेहमी ठरलेलंच असे. ते फिरलं तरी फिरलेलं मतही पहिल्यापासून तेच होतं असं ती शपथेवर सांगू शकायची. या वेळी ती बारकीच्या बाजूची होती. "मुलगी एकटीने बाहेर पडली, पाच ठिकाणच्या पागा हिंडली, हात तयार करून आली," ती कप हलवत म्हणाली. "थोरला वाढला बापाच्या सावलीत. सावलीत उगवतं काय, तर अळंबी."

"आत्या, मी इथेच उभा आहे," थोरला म्हणाला.

"म्हणून तर बोलतेय. पाठीमागे बोलायची सवय नाही मला."

खुर्चीतले आबा समोरच्या भट्टीकडे पाहत मंद हसत होते. ते कशाला हसतायत हे कुणालाच कळलं नाही.

तांबड्याच्या तोंडाशी दोर धरून सूनबाई उभी होती. तिची ती नेहमीची जागा. घोड्याला स्थिर उभं करण्यात तिचा हातखंडा होता. आबा खुर्चीत जाऊन बसले की उरलेले खिळे मारायलाही ती हात लावायची, चांगली मारायची, पण वारसाच्या गोष्टी निघाल्या की तिच्याकडे कुणी पाहायचं नाही. तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं. तिला काळजी होती ती वेगळीच.

खिळा खुराच्या कडेतून नीट जात असेल तर हातोड्याचा आवाज खणखणीत येतो. तो आतल्या जिवंत मांसाकडे वळला की आवाज बद्द होतो. नालबंदाचा हात तिथल्या तिथे थांबतो, खिळा काढून पुन्हा बसवला जातो. हे काम डोळ्याचं नाही, कानाचं आहे. आणि आबांचा कान गेला होता. समोरच्याचे ओठ पाहून, अंदाजाने, ते बोलणं जमवून घ्यायचे. घरच्यांना वाटायचं, आबा म्हातारपणी हट्टी झालेत, हाक मारली तरी वळून बघत नाहीत. हातोड्याला मात्र ओठ नसतात. एकदा खिळ्याचा आवाज सरळ सरळ बद्द आला आणि आबांचा हात थांबला नाही. सूनबाईने काही न सुचून दोराला हिसका दिला, घोडा हलला, आबांनी वैतागून खिळा काढला आणि दुसरा मारला. तो नीट गेला.

तेव्हापासून ती हेच करत आली होती. या शेडमध्ये येणारे घोडे त्यामुळे फार चुळबुळे झाले होते. हल्ली जनावरांना दोन मिनिटं उभं राहवत नाही, चाऱ्यात काही भेसळ असावी, असं थोरला एकदा म्हणालाही होता. तिने त्याला खरं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं असतं आणि पुढे आबांच्या नजरेला नजर देणंच सोडलं असतं. त्यापेक्षा घोड्यांनी बदनाम व्हावं, हे तिला बरं वाटलं होतं. आता आज एकदा आबांनी कुणाचंही नाव घ्यावं आणि हे सगळं न बोलता मिटावं, एवढीच तिची इच्छा होती.

आबा घसा खाकरून उठायला लागले, तेवढ्यात फाटकाशी जनावरं वाहून नेणारी गाडी थांबली. तिच्यातून पागेवाल्या बाई उतरल्या. त्या मुलांना घोडेस्वारी शिकवायच्या आणि कितीही चिडल्या तरी हळूच बोलायच्या, त्यामुळे त्या चिडल्यात हे लोकांना फार उशिरा कळायचं. त्यांनी मागची फळी खाली टाकली आणि करड्या घोडीला उतरवलं. घोडी प्रत्येक पावलाला मान वर उडवत होती.

"गेल्या आठवड्यात तुम्ही नाल ठोकलीत हिला," बाई म्हणाल्या. "कालपासून पुढचा उजवा पाय टेकवत नाही. डॉक्टर संध्याकाळी येणार आहेत. म्हटलं, त्याआधी तुम्ही बघा."

सगळ्यांत आधी बारकी पुढे झाली. तिने खुरावर तळहात ठेवला. खूर गरम होता. घोट्याच्या मागच्या खळगीत बोटं टेकवली, तर तिथे नाडी उडत होती. मग तिने पाय गुडघ्यावर घेतला आणि छोट्या हातोडीने एकेका खिळ्याच्या डोक्यावर अलगद वाजवत गेली. शेवटच्या खिळ्यापासून सुरुवात करून ती मागे मागे येत होती. घोडी शांत होती. अखेरच्या डोक्यावर हातोडी टेकली मात्र, घोडीने कान पाडले आणि पाय हिसकून घेतला.

तो पहिला खिळा होता.

पागेवाल्या बाईंना या घरची रीत माहीत नव्हती, त्यामुळे त्या आळीपाळीने एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आत्याने कप खाली ठेवला.

"तो खिळा मी मारला होता," थोरला म्हणाला.

बारकी सावकाश उभी राहिली. "कुठला?"

"हाच. पहिला."

"पहिला तू मारलास?"

"हो."

आबा खुर्चीशेजारी उभे होते. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं. "पाणी तापवते," एवढं म्हणून बारकी स्वयंपाकघरात गेली. सूनबाईने तांबड्याचा दोर खांबाला बांधला आणि तीही तिच्या मागोमाग गेली. आत्या तर दारातच होती, तिला फक्त स्टूल वळवायचं होतं.

बारकीने पातेलं गॅसवर आदळलं. तिला राग आला होता आणि तो नुसता राग नव्हता. लहानपणी ती याच दारात बसून आबांचे खिळे मोजायची. आपल्याही हातात तो हातोडा कधीतरी येईल, या एका आशेवर ती परक्या गावांतून परक्या घोड्यांचे पाय धरत हिंडली होती. आता निरोप आला म्हणून अर्ध्या रात्री उठून गाडी काढली, आणि इथे दादाने पहिला खिळा केव्हाच गिळून टाकलेला.

"मला बोलावलंच कशाला?" ती म्हणाली. "टाळ्या वाजवायला?"

"शोभत नाही," आत्या म्हणाली. "बाप समोर खुर्चीत बसलेला असताना पहिला खिळा मारायचा म्हणजे काय. थोरला असा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, पण बोलले नव्हते."

"मी निघते, आत्या. हिच्या पायाचं बघते आणि निघते."

सूनबाई मिठाची बरणी हातात धरून उभी होती. दाढ काढलेल्या बाजूचा तिचा गाल अजून जरा सुजलेला होता. ही नणंद आत्ता रागाने गेली की पुन्हा लवकर यायची नाही, हे तिला दिसत होतं. शेडवरून झालेल्या मागच्या भांडणानंतर तिला परत आणायला थोरल्याला दोनदा जावं लागलं होतं आणि तेव्हाही तो तिथे जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारून आला होता.

"बारके, तुझ्या दादाने नाही मारला तो खिळा," ती म्हणाली. "तो त्या दिवशी माझ्या जागी घोडीच्या तोंडाशी उभा होता. मी दाढ काढायला गेले होते."

"मग कुणी मारला?"

"कुणी मारणार?"

आणि मग सूनबाईने सांगितलं. कान, बद्द आवाज, दोराचा हिसका, सगळं. सांगताना ती मीठ चमच्याने काढून पातेल्यात टाकत राहिली. बारकी ओट्याला टेकून ऐकत होती. मध्येच तिने हात लांब करून बरणी काढून घेतली, कारण पाण्यात घोड्याचा पाय बुडवायचा होता, लोणचं घालायचं नव्हतं.

"आबांना ऐकू येत नाही," ती हळूच म्हणाली. जणू हे वाक्य कसं लागतं ते ती बघत होती. "फोनवर ते माझ्याशी नीट बोलतात."

"फोनवर ते बोलतात. तू बोललेलं ऐकतात का, आठवून बघ."

बारकीने आठवून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या बराच वेळ गप्प होती, ही तिच्या बाबतीत आजारपणाची खूण मानली जायची. "मला वाटलं मुद्दाम दुर्लक्ष करतो," ती शेवटी म्हणाली. "मागच्या खेपेला आले तेव्हा मी हाका मारून दमले. मग चिडून अबोला धरला. जाईपर्यंत बोलले नाही त्याच्याशी." ती थांबली. "त्याला तो कळलासुद्धा नसणार."

बारकीला रडता रडता हसू आलं. सूनबाईही हसली आणि दुखऱ्या गालावर हात धरून बसली.

थोरला पाणी न्यायला बादली घेऊन आत आला तेव्हा तिघीजणी त्याच्याकडे अशा पाहत होत्या की आपल्या शर्टाला काही लागलंय की काय, असं वाटून त्याने खाली पाहिलं.

"दादा, खोटं कशाला बोललास?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. मग त्याने बादली खाली ठेवली. बोलायची सवय नसलेला माणूस बोलायला लागतो तसा तो अडखळत बोलला.

"खोटं नाही ते. मी तोंडाशी उभा होतो. मला आवाज ऐकू आला. बद्द आला, अगदी स्वच्छ. घोडी हूं का चूं करेना. मला म्हणायला हवं होतं, आबा, काढा तो." तो थांबला. "आबांना 'काढा' कसं म्हणायचं? मला नाही जमलं. मग त्यांनी पुढचे दोन घाव घातले आणि मी दोर धरून उभा राहिलो. म्हणून तो खिळा माझाच."

बारकी भावाकडे बघत राहिली. आतापर्यंत ती त्याला घुम्या म्हणत आली होती, मनात याहून वाईटही म्हणत आली होती. हा माणूस घाबरतो, आणि घाबरल्याचा हिशेब स्वतःच्या नावावर घेतो, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

"बरं," ती म्हणाली. "मग तुझाच. आबांनी विचारलं तर मीही तेच सांगेन."

"मी तर तुला मारताना पाहिलंच होतं," आत्या म्हणाली.

"आत्या, तू त्या दिवशी इथे नव्हतीस."

"म्हणून काय झालं."

असा हा कट शिजला. मघाशी जी आत्या बारकीची होती आणि जी बारकी स्वतःशिवाय कुणाचीच नव्हती, त्या दोघी आता थोरल्याच्या मागे उभ्या होत्या. इतकी एकजूट या घरात कधी झाली नव्हती, आणि झाली ती आबांशी खोटं बोलण्यावर. फक्त सूनबाईला ती पटली नाही.

"आणि त्या तांबड्याचं काय?" तिने विचारलं. "अनवाणी घरी पाठवणार? आबांच्या मनात आलं आणि त्याचाही पहिला खिळा तेच मारायला उठले, तर? मी जन्मभर हिसके देत उभी राहू?"

पाण्याला वाफ यायला लागली होती. हिसके कसले, हे थोरल्याला कळलं नाही. थोरल्याने पाणी बादलीत ओतलं, गार पाणी मिसळून कोपराने ऊब पाहिली आणि सगळे बाहेर आले.

आबा त्यांची वाट बघत थांबले नव्हते. पागेवाल्या बाईंना त्यांनी दोर धरायला लावलं होतं आणि घोडीचा पाय मांड्यांत घेऊन नाल केव्हाच उतरवली होती. कंबर ठणकत होती, पण हातांना कंबरेशी काही देणंघेणं नव्हतं. काढलेले खिळे त्यांच्या डाव्या तळहातावर होते. सगळे कोरडे, चकचकीत. फक्त एकाच्या टोकाशी काळसर ओल होती. त्यांनी तो नाकाशी नेला, आणि मग तळहात मिटून घेतला.

त्यांना तो दिवस नीट आठवत होता. घोडी किती शहाण्यासारखी उभी होती. जरासुद्धा हलली नाही. तिचं ते न हलणं त्यांना तेव्हाच खटकलं होतं.

समोर आता चार जणं उभी होती आणि चौघांचे ओठ हलत होते. थोरल्याचे सगळ्यांत कमी. बारकी त्याच्या दंडाला धरून काहीतरी सांगत होती, थोरली बहीण दोन्ही हातांनी सांगत होती. आवाज येत होता तो भिंतीपलीकडून यावा तसा. 'माझी चूक' एवढं त्यांनी थोरल्याच्या ओठांवरून टिपलं.

"मोठ्याने बोला," आबा म्हणाले.

सगळे थांबले.

"मला ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नव्हते. उच्चारले आणि छप्पर काही कोसळलं नाही. आबांनी तळहात उघडून ओला खिळा थोरल्यापुढे धरला.

"हा तुझा म्हणतोस?"

थोरल्याने मान हलवली. हो की नाही ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"माझे खिळे मला ओळखू येतात," आबा म्हणाले. ते पागेवाल्या बाईंकडे वळले. "बाई, खिळा माझा होता. चुकला. घोडी बरी होईल, पण चूक माझी आहे, या पोरांपैकी कुणाची नाही."

बाई काहीतरी बोलल्या. नेहमीसारख्या हळूच, त्यामुळे आबांना ते कळलं नाही, पण त्यांनी आबांच्या हातावर हात ठेवला तो कळला.

मग घोडीचं काम झालं. बारकीने खिळ्याचं भोक टोकदार चाकूने जरासं मोठं केलं. काळं पाणी बाहेर आलं तशी घोडीने लांब श्वास सोडला. थोरल्याने तिचा पाय बादलीत ठेवला आणि तिथेच उकिडवा बसून, ती तो बाहेर काढणार नाही याची काळजी घेत राहिला. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांकडून घ्या, पाय रोज शेका, सूज उतरेपर्यंत नाल नको, असं बारकीने बाईंना समजावून सांगितलं. घोडी थोड्या वेळाने तोच पाय हळूच टेकवून बघायला लागली. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि त्या आत्याने दिलेला चहा घेऊन दारातल्या स्टुलावर बसल्या.

आबा मात्र खुर्चीत बसले नाहीत.

"ज्यासाठी बोलावलं ते राहिलं," ते म्हणाले. "पहिला खिळा कुणाचा."

"दादाचा," बारकी म्हणाली, आणि आठवण होऊन पुन्हा मोठ्याने म्हणाली, "दादाचा, आबा."

"बारकीचा," थोरला म्हणाला.

"सकाळी दोघं एकमेकांच्या उरावर बसला होतात," आत्या म्हणाली. ते आबांना ऐकू आलं नाही आणि या वेळी तिने त्याचा राग मानला नाही.

आबांनी दोघांकडे पाहून मान हलवली. मग ते तांबड्याशेजारी उभ्या असलेल्या सूनबाईकडे वळले.

"घोडा आपण होऊन हलला तर आधी त्याचा खांदा हलतो," ते तिला म्हणाले. "तोंडाशी ओढला तर सगळा भार धरलेल्या पायावर येतो. आयुष्यभर ज्याने घोड्यांचे पाय मांड्यांत धरले त्याला हे कळत नाही असं वाटलं तुला?"

सूनबाई एक पाऊल पुढे आली. "तुम्हाला माहीत होतं?"

हे त्यांनी ओठांवरून वाचलं. "पहिल्या दिवसापासून. तू ओढायचीस, मी काढायचो. घोड्याला शिव्या द्यायचो. तू बोलत नव्हतीस म्हणून मीही बोललो नाही. बोललं की हातोडा खाली ठेवावा लागला असता." ओला खिळा त्यांनी फळीवर ठेवला. "त्या दिवशी तू नव्हतीस. मला दिसत होतं तू नाहीस. एक दिवस थांबायला हवं होतं. पण घोडी तयार उभी होती, आणि मला वाटलं, एकाच खिळ्याचा तर प्रश्न आहे."

त्यांनी फळीवरचा हातोडा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"या घरातला पहिला खिळा बरेच दिवस तूच मारतेयस. माझा नुसता हात होता."

थोरल्याला ते लागलं. बायकोचं कौतुक वाटलं, तिने हे आपल्यापासून लपवलं याचं वाईट वाटलं आणि हातोडा आपल्यासमोरून पुढे गेला याचंही वाईट वाटलं, तिन्ही एकदम. बारकी त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"मला वाईट वाटतंय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "उगाच नाही म्हणणार नाही."

"मलाही," तो म्हणाला.

"पण तिला ऐकू आलं आणि तिने काहीतरी केलं."

"हो. मी नुसताच उभा राहिलो."

सूनबाईने दोघांकडे पाहिलं. तिच्या हातात हातोडा होता आणि तो तिला परक्याचा वाटत होता. "मी पुढचे मारलेत," ती म्हणाली. "पहिला कधीच नाही." आबांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल. त्यांनी तांबड्याचा दोर खांबावरून सोडला आणि ते घोड्याच्या तोंडाशी, तिच्या जागी, जाऊन उभे राहिले.

आता दुसरा उपाय नव्हता. तिने तांबड्याचा पुढचा डावा पाय उचलून मांड्यांत घेतला. थोरल्याने तिच्यासमोर नाल धरली, तिने ती खुरावर टेकवून सरळ केली. बारकीने खिळा दिला. आत्या आणि पागेवाल्या बाई दारातून बघत होत्या.

पहिला घाव खणखणीत आला. दुसराही. तिसरा बद्द आला.

शेडमधल्या सगळ्यांना तो ऐकू आला. फक्त घोड्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला नाही. तो घोड्याचं कपाळ कुरवाळत होता. थोरल्याने नजर जमिनीकडे वळवली, जन्मभराच्या सवयीने, आणि मग त्याने ती मुद्दाम वर उचलली. सूनबाईचा हात हवेत होता. पहिलाच खिळा, तोही आबांनी हातोडा देऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर, सगळ्या घरासमोर, परक्या बाईसमोर. आबांना कळणार नव्हतं. बाकीचे काही बोलणार नव्हते.

तिने हातोडा खाली घेतला, मान वर केली आणि घसा ताणून ओरडली, "आबा, बद्द आला. काढते."

तांबड्याने कान टवकारले. बारकीची पक्कड तिच्या हाताशी आधीच आलेली होती.

"ऐकू आलं," आबा म्हणाले. "काढ."